दीड किलोचं खोटं

बाजारातल्या निम्म्या दुकानांचे वजनकाटे तिचा नवरा दुरुस्त करायचा. 'काटेवाला' हेच त्याचं नाव होऊन बसलं होतं. त्याच्या हाताखालून गेलेला काटा खोटं बोलत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगत आणि ते ऐकताना तिची मान नकळत ताठ होई. त्यामुळे तिने ऑपरेशन करून पोट लहान करून घेतल्यावर त्याने घरात एक काटा आणून ठेवला, तेव्हा तिने त्यावर डोळे मिटून भरवसा टाकला.

सुरुवातीला सगळं पातळच. घोट घोट पाणी, गाळलेलं सूप, प्रोटीन घातलेलं दूध. आकडा रोज उतरायचा. लेकीला उचलून घ्यायला अजून बंदी होती, म्हणून ती खाली बसून तिचे पापे घ्यायची. मग मऊ, घोटलेलं अन्न सुरू झालं आणि वजन अडून बसलं. नुसतं अडलं असतं तरी चाललं असतं, पण एका सकाळी ते चक्क वाढलं.

नेमका नणंदेचा फोन आला. "अगं, तेवढीच आहेस अजून? मग डॉक्टरांनी कापलं तरी काय?"

ती हसली, पण दुपारी तिने वाटी बाजूला सारली. रात्रीही नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. काटेवाल्याने सावरलं म्हणून बरं.

"दोन चमचे तरी खा ना गं."

"खाऊन आणखी फुगू?"

त्यानंतरच्या सकाळी आकडा एकदम खाली आला. ती लहान पोरीसारखी हरखली आणि समोर आलेलं सगळं निमूट खाल्लं. नवरा पाठमोरा उभा राहून भांडी विसळत होता. एरवी बडबड्या माणूस, पण त्या दिवशी एकच वाटी तीनदा विसळत राहिला.

तपासणीला ती मिरवतच गेली. आहारतज्ज्ञ बाईंच्या काट्यावर चढली आणि तिचा चेहराच उतरला. घरच्यापेक्षा दीड किलो जास्त!

"बाई, तुमचा काटा बिघडलाय."

"कसा बिघडेल? तुमच्याच मिस्टरांनी परवा तपासून दिलाय."

तिने वळून पाहिलं. काटेवाला स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

बाईंनी तिच्या कमरेला टेप लावली. "ही बघा, कंबर उतरलीय. या दिवसांत असंच होतं. खाणं बदललं की शरीर पाणी धरून ठेवतं, पोट साफ होत नाही. काटा पुढे-मागे नाचतो. त्याला घाबरून उपाशी राहिलात तर मात्र तब्येत हातची जाईल."

दोघं घरी आली. दार लागताच तिने काटा त्याच्या पुढ्यात सरकवला.

"अहो, आजवर एका तरी दुकानदारासाठी काट्याला खोटं बोलायला लावलंत?"

"छे."

"मग माझ्याच वाट्याला खोटं का?"

"तू जेवणच सोडलंस." त्याने काट्यावरून हात फिरवला. "मला दुसरं येतंय काय? काटेच येतात."

तिला राग आला होता आणि हसूही येत होतं. "वजन माझं आहे. चढलं तरी माझं, उतरलं तरी माझं. पोटावर एवढे टाके घेतले ते मी. एका आकड्याने मोडून पडेन, असं वाटलं तुम्हाला?"

"परवा तर पडतच होतीस की."

"परवाची गोष्ट परवा. आज नीट करा तो."

त्याने वजनाची मापं मांडली, पेचकस फिरवला, पुन्हा पुन्हा तपासलं. ती काट्यावर चढली. पाठ सरळ, नजर समोर.

"वाचा."

त्याने आकडा सांगितला आणि चोरट्या आवाजात पुढे जोडलं, "वाढलंय थोडं."

"दिसतंय की." ती खाली उतरली, पदर खोचला आणि ऐटीत पाटावर बसली. "मग आता माझ्या वाटीतही वाढा. भूक लागलीय."