माझ्या टेबलावरच्या सॉऱ्या

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या ऑफिसात एक रीत आहे. चूक कुणाचीही असो, माफी फोन उचलणारीने मागायची. फोन उचलणारी मी. पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं होतं, ‘आय ॲम सॉरी’ म्हणत राहायचं, गिऱ्हाईक थंड होतं. कुणाचं दार अडकलं, सॉरी. कुणाचा दिवा गेला, सॉरी. तुम्हाला त्रास झाला याचं मला वाईट वाटतंय, एवढाच त्याचा अर्थ. वाईट खरंच वाटायचं, म्हणून माझं कधी अडलं नाही.

गेल्या आठवड्यात एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले. फोन येताच मी मेस्त्रीला पाठवलं. साहेबांनी त्याला अर्ध्या रस्त्यातून वळवून एका मोठ्या हॉटेलात धाडलं. मी टोकलं, तर म्हणाले, म्हातारा काय पळून जातोय. संध्याकाळी आजोबांना बाहेर काढलं तेव्हा ते बेशुद्ध होते. वाचले ते नशिबाने.

आता त्यांची मुलगी जाब विचारायला येणार होती. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून तिच्याशी इंग्रजीतच बोलायचं होतं. साहेबांनी मला वाक्य तोंडपाठ करायला सांगितलं, ‘आय ॲपॉलॉजाइज, इट वॉज माय मिस्टेक.’ म्हणजे गुन्हा माझा, माफी माझी. मी म्हटलं, मी ‘आय ॲम सॉरी धिस हॅपन्ड’ म्हणेन. झालं त्याचं वाईट वाटतं.

“अगं, दोन्हींचा अर्थ एकच. उगाच कीस पाडू नकोस.”

“एकच असेल तर माझं वाक्य चालेल की तुम्हाला.”

साहेबांचं हसू मावळलं. मुकाट्याने म्हण, नाहीतर दुसरी नोकरी बघ, असं त्यांनी सुनावलं.

घरी आईचंही तेच. दोन शब्द बोलून मोकळी हो, तुझं काय जातं? माझं काय जातं! त्या घरात मी जन्मभर त्यांच्या बापाला मरणाच्या दारात सोडणारी बाई ठरणार होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मुलगी आली. डोळे सुजलेले, बसा म्हटलं तरी बसेना. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उभी राहिले. “आय ॲम सॉरी धिस हॅपन्ड टू युवर फादर,” मी म्हटलं. साहेब खाकरले. पुढचं बोल, अशी ती खूण. मग मी पुढचंही बोलले.

“बट आय विल नॉट ॲपॉलॉजाइज. आय सेंट द मेकॅनिक. ही सेंट हिम टू अ हॉटेल.” आणि साहेबांकडे बोट दाखवलं. गेली नोकरी तर गेली.

मुलगी वळली. खुर्ची ओढून साहेबांच्या समोर बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. साहेबांनी टायची गाठ सैल केली, घसा साफ केला.

“मॅडम, आय ॲम सॉरी धिस हॅपन्ड.”

माझंच वाक्य! फरक त्यांना चांगलाच ठाऊक होता तर.

“नो,” ती शांतपणे म्हणाली. “द अदर वन.”