क्षार चढलेली वात

मी एक जुना आर्द्रतामापक आहे. हवेत ओल किती आहे हे सांगणे माझे काम. मित्रांनो, एकवीस वर्षे मी ते खरे सांगितले. नंतरचे वीस दिवस खोटे सांगितले, आणि तेवढ्या वीस दिवसांत जे व्हायचे ते होऊन गेले.

माझे शरीर साधे आहे. एका फळीवर दोन तापमापके शेजारी शेजारी बसवली आहेत. एकाचा फुगा कोरडा असतो. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली असते आणि तिचे टोक खालच्या कुपीतल्या पाण्यात बुडालेले असते. वातीतले पाणी उडते तसा तो फुगा गार होतो. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडते आणि दोन पाऱ्यांत मोठे अंतर पडते. हवा दमट असली की अंतर कमी. माझे सारे ज्ञान त्या अंतरात आहे.

सोनपेठच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. तेथे सिताराम हे परिचर होते. दर पंधरवड्याला ते माझी वात बदलत. कुपीत घालायला बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याची बाटली आणत. मुलांना म्हणत, "ह्याला आपलं बोअरचं पाणी चालत न्हाई. आपल्या पाण्यात दगड हाय." मुले हसत. पण ते खरेच होते. आमच्याकडे पाणी तापवायच्या पातेल्यालाही महिन्याभरात पांढरी खपली धरते.

शाळेत आकडे दाखवणारी नवी यंत्रे आली आणि मी निकालात निघालो. सितारामही त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांनी मला घरी आणले आणि नदीकडच्या एका शेततळेवाल्याकडून बदकांची एक जोडी आणली. संध्याकाळी ते अंगणात बाजेवर बसत आणि बदके त्यांच्या पायांशी चिखल उपसत. गीताबाई, त्यांच्या पत्नी, म्हणत की ह्यांना माणसांपेक्षा पाखरांशीच जास्त बोलायचे असते.

मागच्या दिवाळीनंतर सितारामांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे मात्र सगळे समजत होते. घरातल्यांच्या हाका ते ऐकून सोडून देत. बदके ओरडली की तेवढी मान वळवत.

मे महिन्यात एका पहाटे कुत्र्यांनी दोन्ही बदके मारली. गवतात अकरा अंडी उरली.

सितारामांची मुलगी नीलम परभणीला विज्ञान शाखेत शिकते. ती सुट्टीवर आली होती. तिने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि लहान पंखा बसवला, पाण्याचे ताट ठेवले, झाकणाला काच लावली आणि मला आत उभे केले. गीताबाई तिला म्हणाल्या, "निघू दे गं एखादं तरी. ह्यांना दुसरं काय उरलंय?" नीलमने मान हलवली. ती कमी बोलणारी मुलगी.

बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात. कोरडा पारा साडेसदतीसवर आणि ओला तिसाच्या आसपास हवा, म्हणजे ओल पंचावन्न ते साठ टक्के राहते. शेवटचे तीन दिवस ती आणखी वाढवावी लागते. हे सगळे नीलमने वहीत लिहून ठेवले होते. तिने एकच चूक केली. बाटलीतले शुद्ध पाणी संपले होते, म्हणून ताटात घालायचे बोअरचे पाणी तिने माझ्या कुपीतही घातले. ताटाला ते चालते. मला चालत नाही.

आठवड्याभरात वातीवर क्षार चढले. ती ताठ झाली आणि पाणी वर येईना. ओला फुगा गार व्हायचा थांबला. खोक्यात ओल जेमतेम चाळीस टक्के होती आणि माझे पारे साठ दाखवत होते. नीलम दिवसातून सहा वेळा वाकून मला वाचायची आणि समाधानाने आकडा लिहायची. मित्रांनो, त्या समाधानाचा भार मला अजून सोसत नाही.

चौदाव्या दिवशी तिने मोबाइलच्या उजेडावर अंडी धरली. गीताबाई शेजारी होत्या.

"हवेची पोकळी लय मोठी दिसायलीय मला. अंडं आतून वाळायलंय जणू."

"आई, आकडा बरोबर हाय. यंत्र खोटं बोलत न्हाई."

"यंत्रानं कवा पिल्लं काढली गं?" असे म्हणून त्या हसल्या, नीलमही हसली, आणि झाकण लागले.

सितारामांना खोक्याजवळ बसवत असत. विसाव्या दिवशी त्यांनी काचेतून माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग डावा हात उचलून माझ्या कुपीकडे बोट केले. घशातून आवाज काढला. पुन्हा बोट केले. गीताबाईंनी लगबगीने पाण्याचा पेला आणून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवले, पाणी सदऱ्यावर सांडले. "तहान बी न्हाई आन् राग बी हाय," असे म्हणत गीताबाईंनी सदरा पुसला. त्या घरात माझे खोटे एकाच माणसाला कळले होते.

सत्ताविसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. सात अंड्यांना चोचीचे टोचे पडले. गीताबाईंनी सितारामांची खुर्ची ओढून खोक्याला भिडवली. मग टोचे तेथेच थांबले. कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लांच्या अंगाला कागदासारखा चिकटला होता, त्यांना आत वळता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाज एकेक करून बंद झाले. नीलमने न राहवून एक अंडे सोलले. पिल्लू जिवंत निघाले. तिने ते बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवले. सितारामांनी अंगठ्याने त्याची मान सावरली. पिल्लू तासभर जगले.

गीताबाई ते उचलायला गेल्या तेव्हा सितारामांनी मूठ मिटून घेतली. संध्याकाळी दिवा लागला तरी उघडली नाही. नीलमने मला खोक्यातून काढले, वातीला हात लावला, आणि वात तिच्या बोटांत मोडली. ती बाबांकडे बघत उभी राहिली. मग खाली बसून म्हणाली, "बाबा, तुमी सांगत होता." सितारामांनी डोळे मिटले.

मित्रांनो, माझी वात बदला, मला शुद्ध पाणी द्या, एवढे मी मागू शकतो. पण मागणे खरे तर वेगळे आहे. माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नका. माझा आकडा एक सांगतो आणि अंडे दुसरे, तेव्हा अंड्याचे ऐका. आणि घरात ज्याला बोलता येत नाही, त्याने बोट केले तर पेला आणण्याआधी ते बोट कोठे जाते ते शेवटपर्यंत पाहा.