माझ्या जागी येणार होता तो

मी बॉनेटखालून बोलतोय. इंग्लंडमधल्या मेडनहेड गावात एका घरापुढे उभ्या असलेल्या निळ्या पिकअपचं मी डिझेल इंजिन. आवाज जरा खरखरीत येतोय, त्याला इलाज नाही. थकलोय मी.

माझा पहिला मालक वेल्समधला शेतकरी. तो मेंढ्यांचा ट्रेलर ओढायला लावायचा, बोलायचा कमी, पण ऑइल वेळच्या वेळी बदलायचा. नंतर मला अवधूतनं घेतलं. हा आठवडाभर कॉम्प्युटरवर बसतो आणि शनिवार-रविवारी मराठी मंडळींच्या मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं सजवतो. खांब, मखरं, खुर्च्या, चौरंग असं सगळं ट्रेलरमध्ये भरायचं आणि मी ओढायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अफवांची.

क्रॉयडनला त्याचा मित्र कमलाकर राहतो. त्याचा फोन आला की मी समजतो, आली नवी अफवा.

"अवधूत, ऐकलंस का? नवीन हेवी-ड्युटी इंजिन येतंय. आठ सिलिंडर! घर ओढून नेईल, घर!"

"कोण म्हणालं?"

"अरे, नेटवर गाडीवाल्यांच्या फोरमवर सगळे म्हणतायत. नक्की आहे."

कुणीतरी अमेरिकेतल्या वाळवंटात, चाचणीला निघालेल्या ट्रकचा धूसर फोटो काढलेला असतो. त्यात बॉनेट जरा फुगीर दिसतं. तेवढ्यावरून हे दोघे तासभर अख्खं इंजिन जुळवतात. पुढच्या वर्षी आठाचे सहा सिलिंडर होतात, मग तेही बारगळतं, मग पुन्हा नक्की होतं. आणि दर वेळी माझं सर्व्हिसिंग पुढे जातं. "नवीन येतंयच ना, आता याला कशाला हात लावायचा?" हे वाक्य मला पाठ झालंय.

जुन्याला नव्याचा हेवा वाटतो, अशी माणसांची समजूत असते. छे! मी त्या नव्याची वाट अवधूतपेक्षा जास्त पाहिली. दसऱ्याला तो लंडनच्या ईलिंगहून झेंडूची माळ आणायचा, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढायचा, नारळ फोडायचा आणि हात जोडून म्हणायचा, "पुढच्या दसऱ्याला इथं नवीन गाडी असू दे." मलाच हार घालून माझ्याच जागी दुसरा मागायचा! त्याची बायको यमुना तोंडाला पदर लावून हसायची. मी मात्र मनापासून म्हणायचो, असू दे रे देवा. सुटू दे मला.

माझ्या टायमिंग बेल्टला चिरा पडल्या होत्या. तो तुटला की माझे आतले भाग एकमेकांवर आपटणार आणि मी कायमचा बंद होणार. गॅरेजवाल्यानं दोनदा बजावलं. अवधूत म्हणाला, "बघू."

गेल्या महिन्यात ईलिंगला साखरपुडा होता. मोटरवेवर माझ्या बेल्टचा एक पदर सुटल्याचं मला कळलं. खरं सांगतो, आधी बरं वाटलं. आला एकदाचा शेवट. मग लक्षात आलं, रस्त्याच्या कडेला थांबायची लेनच नाही आणि मागे एक लॉरी चिकटून येतेय.

"अवधूत, कसला आवाज हा?" यमुनानं विचारलं.

"जुनी झालीय गं गाडी."

"म्हणूनच विचारतेय. बेल्ट बदललास?"

त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

"खोटं नको सांगूस. मागे तनिषा बसलीय."

मुलगी कानात हेडफोन घालून झोपली होती. तिच्याकडे पाहून मला माझ्याच इच्छेची भीती वाटली. सुटका हवी होती, पण अशी नको. कसाबसा दम धरून मी त्यांना ईलिंगला पोहोचवलं. हॉलच्या कार पार्कमध्ये यमुना उतरली आणि शांतपणे म्हणाली, "घरी आम्ही दोघी ट्रेननं जातोय."

मला दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या गाडीनं उचलून नेलं.

त्याच आठवड्यात ते नवीन इंजिन बसवलेला ट्रक खरंच जाहीर झाला. गॅरेजच्या दारात उभा राहून अवधूत फोनवर त्याचा व्हिडिओ पाहत होता. शेजारी तनिषा होती.

"बाबा, स्टिअरिंग लेफ्टला आहे."

"मग?"

"मग तो इकडे येणारच नाही. दे डोंट ईव्हन मेक इट फॉर अस. तू कधी चेक नाही केला?"

अवधूतनं फोन खिशात टाकला. इतकी वर्षं दोघा मित्रांनी सिलिंडर मोजले, पण ही गाडी या देशात विकायला येणार का, हे एकालाही विचारायचं सुचलं नाही! मला त्याची कीव आली. माझी जास्त आली.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. येणाऱ्याच्या गप्पा खुशाल मारा. पण ज्याच्या भरवशावर आपली माणसं गाडीत बसवता, त्याच्याकडे आधी बघा. आणि तो दमला असेल, तर त्याला तसं म्हणू द्या.

नवा बेल्ट बसला. अवधूतनं बॉनेटवर हात ठेवला. "आता तूच रे बाबा. दहा वर्षं तरी."

दहा वर्षं! मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात यमुना पुढच्या सीटवर येऊन बसली. तिनं काच खाली केली आणि कान देऊन म्हणाली, "लाव बघू."

किल्ली फिरली. मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो.