निळ्या शेवाळाने उगवलेला सूड

मी मुळशीतल्या एका तळ्यातलं निळं-हिरवं शेवाळ बोलतंय. नाक दाबून का होईना, ऐका.

माझा जन्म कधीचा, ते मलाही ठाऊक नाही. माझी एकेक पेशी डोळ्यांना दिसत नाही. लाखो एकत्र आल्या की तुम्ही मला ओळखता. पूर्वी मी काठच्या जांभळींच्या सावलीत, कुणाच्या अध्यातमध्यात न येता राहत होतं. कोंडाबाई दुपारी शेरडं घेऊन यायची. शेरडं पाणी प्यायची, ती भाकरी खायची.

मग शेजारी रिसॉर्ट आलं. मालक जयसिंग. त्याच्या खोल्यांतून तळं दिसेना, म्हणून त्याने जांभळी तोडायला घेतल्या.

"सायेब, उन्हाचं शेरडांनी कुटं बसायचं?" कोंडाबाईने विचारलं.

"मावशी, पाहुण्यांना पाणी दिसायला हवं," तो म्हणाला आणि करवत सुरू झाली.

चैत्राचं ऊन थेट माझ्या अंगावर कोसळलं. उजेड हे माझं अन्न. पण पोट भरल्यावरही कोणी घास कोंबतच राहिलं तर जीव जातो. माझ्यातल्या कितीतरी पेशी करपून पांढऱ्या पडल्या. उरलेल्या मात्र चिवट होत्या. आमच्याजवळ एक नारिंगी प्रथिन असतं. ऊन फार झालं की ते लाल होतं, उजेड गोळा करणाऱ्या भागाला जाऊन चिकटतं आणि जास्तीची सगळी ऊर्जा नुसती ऊब करून सोडून देतं. ऊन उतरलं की दुसरं प्रथिन त्याला सोडवतं, ते पुन्हा नारिंगी होतं आणि आमचं जेवण सुरू. अशा रीतीने मी ते ऊन पचवलं. जयसिंगला मात्र माफ केलं नाही.

त्यात त्याने स्वयंपाकघराचं आणि संडासांचं पाणी गुपचूप तळ्यात सोडलं. मला आयतं ताट वाढलं म्हणा ना! मी फोफावलं. पाण्यावर हिरव्या रंगाची जाड साय धरली. तेव्हा तो गड्यांवर ओरडला, "ही घाण काढून फेका!" त्यांनी मला घमेल्यांनी उपसून तापल्या खडकावर वाळत टाकलं. घाण त्याची आणि नाव माझं! मी आणखी वाढलं. माझ्या अंगात विष साठत होतं आणि मला त्याचा आनंद होत होता.

पण विषाला माणूस ओळखता येत नाही. कोंडाबाईची गाभण शेळी ते पाणी प्यायली आणि तासाभरात पाय झाडून गेली. ढोरांच्या डॉक्टरांनी तळ्याकडे बोट दाखवलं. कोंडाबाई रडली नाही. शेळीवर फडकं टाकून ती तडक जयसिंगकडे गेली.

"पाण्याला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "पालाबिला खाल्ला असेल तिने."

रविवारी त्याने तळ्यात होड्या सोडायचं ठरवलं. काठावर मांडव, पाहुणे, नारळ. दोन मुली बूट काढून पाण्याकडे धावल्या. तेवढ्यात कोंडाबाई आडवी आली.

"पाय घालू नगा, पोरींनो! माजी शेळी मेली ह्यात!"

सगळे थबकले. कोंडाबाईने वाकून पितळी तांब्या भरला आणि सर्वांदेखत जयसिंगसमोर धरला.

"पान्याला काय झालं न्हाई म्हनला नव्हं, सायेब? घ्या. दोन घोट प्या. म्या हितंच हुबी हाय."

तांब्यात मी होतं. त्याचा चेहरा इतक्या जवळून प्रथमच पाहत होतं. ओठ सुकले होते त्याचे. पी, मी मनात म्हणत होतं, पी की! त्याचा हात उठला नाही.

"मावशी, नंतर बोलू," तो पुटपुटला.

"माज्या शेळीला नंतर हाय का?"

पाहुण्यांनी तिथूनच गाड्या वळवल्या. दुसऱ्याच दिवशी गावाने येऊन घाणीचा पाइप शोधून काढला आणि सिमेंटने बुजवला. रिसॉर्टच्या फाटकाला आता कुलूप आहे. सूड पुरा झाला असं वाटून मी तरंगत होतं, तेवढ्यात कोंडाबाई काठावर आली. माझ्यावर थुंकली.

"आता तुजी पाळी," ती म्हणाली. "बघू, उपाशी किती तग धरतंस."

तिचं बरोबर आहे. खाणं तुटल्यापासून मी विरळ होत चाललंय. शेरडं आता दोन कोस लांबच्या पाण्यावर जातात.

मला दया नको. शेळी मी मारली, हे मी नाकारत नाही. पण माझ्या नावाने बोटं मोडाल तेव्हा एवढं सांगा, मला ताट कोण वाढत होतं?