डांबर फासलेले दिवे

लढाई संपली, दिवाळी होऊन गेली, संक्रांत तोंडावर आली, तरी हैबतराव पाटलांच्या ट्रकची लढाई काही संपायला तयार नव्हती. ट्रकच्या दोन्ही दिव्यांवर डांबर फासलेलं होतं ते तसंच. पाकिस्तानशी जुंपली तेव्हा हुकूम निघाला होता की मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धं काळं करा, म्हणजे विमानातून उजेड दिसायचा नाही. हुकूम अर्ध्याचा होता. पण हैबतराव पडले ग्रामरक्षक दलाचे प्रमुख. त्यांचं अर्ध्यावर भागतंय होय! चावडीपुढं ट्रक उभा करून, नारळ फोडून त्यांनी स्वतःच्या हातानं दिव्यांवर डांबराचा कुंचला फिरवला आणि खाली बोटभर फट तेवढी ठेवली. मुळशीच्या धरणाकाठी, भाताच्या खाचरांवर बॉम्ब टाकायला कोण शहाणा येणार होता, देव जाणे. पण गावानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातंय?

त्या बोटभर फटीनं बयाबाईचा नवरा खाल्ला.

धुळाजी धनगर दिवेलागणीला मेंढरं घेऊन डोंगरावरून उतरत होता. रोजचीच वाट. पूर्वी खालून, नदीच्या काठानं पायवाट होती. ती धरणाच्या पाण्यात गेली. आता एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी आणि मधून गाडीरस्ता. त्या रस्त्यानं थोडं चालल्याशिवाय धनगरवाड्यावर पोचायला दुसरी सोय नाही. जांभळीच्या वळणावर पाटलांचा ट्रक पुण्यात कोळसा उतरवून परत येत होता. चाकाखाली आलेली मेंढरं गेली ती गेलीच, पण धुळाजीला बैलगाडीत घालून पौडला नेईपर्यंत त्याचाही श्वास थांबला.

बरं, माणूस गेला तो गेला; वर त्याची बदनामी झाली. दुसऱ्याच दिवशी गावभर झालं की धुळाजी प्यालेला होता, झोकांड्या खात चाकाखाली आला. आधी पाटील म्हणाले, मग ट्रक चालवणारा नथू म्हणाला, आणि मग सगळेच असं सांगायला लागले की जणू प्रत्येकानं त्याला स्वतःच्या हातानं पाजली होती. ज्या माणसानं उभ्या जन्मात थेंब शिवला नाही, त्याला सगळ्या गावानं मेल्यावर दारुडा करून टाकलं.

बयाबाईनं दिवस घातले आणि दुसऱ्या सकाळी मेंढरं सोडली. सोयरेधायरे म्हणाले, अगं, घरात बस, वर्षभर तरी बस. ती म्हणाली, "मेंढरांना कोन सांगनार, वरीसभर उपाशी ऱ्हावा म्हून?"

तिचा लेक बाजी चांगला लग्नाचा गडी, पण स्वभावानं मऊ. रोज संध्याकाळी ट्रकचा आवाज ऐकला की तो हातातलं काम टाकून खोपटात शिरायचा. तो म्हणाला, "आई, आपुन ताम्हिणीकडं जाऊ. मामाच्या वाड्यावर. पाटलाशी वैर घिऊन हितं निभायचं न्हाई."

"का? आपुन काय चोरी केली?"

"रोज त्याच वळनावरनं जायचंय आपल्याला. बा गेला तसा येक दिस मी बी जाईन."

हे मात्र बयाबाईच्या काळजात घुसलं. रात्रंदिवस तिच्याही मनात तेच होतं. पण भीती वाटली की ती भडकायची. तिची जातच तशी होती. "तू जानार न्हाईस," ती म्हणाली. "ते डांबर जाईल."

आणि ती तडक चावडीवर गेली.

चावडीवर पाटील पान लावत बसले होते. भोवती नेहमीची चार टाळकी. धनगराची बाई, तीही कपाळ मोकळं झालेली, पायरी चढून वर आली तशी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बयाबाई खांबाला टेकली नाही की खाली बसली नाही.

"पाटील, टरकाच्या दिव्यांचं डांबर काढा."

पाटील हसले. "बये, तुला त्यातलं काय कळतंय? सरकारचा हुकूम हाय तो."

"लढाई संपली की. पौडच्या मोटारींचं दिवं पुसलं. पिरंगुटाच्या बी पुसलं. तुमच्याच टरकावर इमान येनार हाय का?"

चार टाळक्यांतलं एक फिसकन हसलं आणि पाटलांनी बघितल्यावर खोकायला लागलं. पाटलांनी चुना बोटावर घेतला. "लोकं गाफील हायेत. मी न्हाई. मामलेदारसायबांनी माझ्या पाठीवर थाप दिलीय. पुसायचा हुकूम माझ्याकडं ईल तवा पुसीन. आनि नथूला सगळं दिसतंय. दिव्यांचा काय दोष न्हाई. दोष हुता तो बाटलीचा."

आता इथं दुसरी कुणी असती तर पदर तोंडाला लावून रडत गेली असती. बयाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"धुळाजी प्याला न्हवता!"

चावडीखाली पाणी घेऊन निघालेल्या दोन बायका जागीच थबकल्या. नवऱ्याचं नाव! एवढ्या वर्षांत 'बाजीचा बा' याच्यापलीकडं तिच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. बयाबाईलाही ते कळलं, पण तिनं शब्द मागं घेतला नाही. उलट पुन्हा म्हणाली, "धुळाजी प्याला न्हवता. तुमच्या नथूला तो दिसला न्हाई."

"दिसतंय म्हनून सांगितलं न्हवं येकदा?"

"दिसतंय?"

"लख्ख दिसतंय!"

"मग हुबं ऱ्हावा," बयाबाई म्हणाली. "उद्या दिवेलागनीला, जांभळीच्या वळनावर, रस्त्याच्या मदी. जितं आमचा मानूस हुबा हुता तितं. नथूला कुनी काय सांगायचं न्हाई. त्यानं तुमास्नी बघून गाडी थांबवली, तर मी तुमच्या पायावर डोकं ठिवीन, मेंढरं घिऊन ह्या गावातनं जाईन आनि परत तोंड दावनार न्हाई. बोला."

पाटलांचा चुन्याचा हात तसाच राहिला. नाही म्हणायची सोय होती, का नव्हती? होती की. पण चार माणसांत मिशी घेऊन बसलेल्या माणसाला ती सोय दिसत नाही. शिवाय पाटलांचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास होता. इतके दिवस एकच गोष्ट सांगत राहिलं की ती सांगणाऱ्यालाही खरी वाटायला लागते.

"हुबा ऱ्हातो," पाटील म्हणाले. "काळी घोंगडी न्हाई पांघरत मी तुमच्यावानी. पांढरं धोतर हाय, डोक्याला लाल फेटा हाय. आंधळ्याला बी दिसीन."

"दिसला तर बरंच हाय. आनि मी बी हुबी ऱ्हाते तुमच्या शेजारी. येकट्याला न्हाई सोडत."

दुसऱ्या दिवशी जांभळीच्या वळणावर जत्रा भरावी तशी माणसं. डोंगराच्या अंगाला उतारावर गाव बसलेलं, वर मेंढरं घेऊन बाजी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाटलांची कारभारीण धोंडाबाई डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांत पुढं उभी होती आणि तिनं सकाळपासून नवऱ्याशी अबोला धरला होता. पाटील आले ते ऐटीत आले. फेटा नवा, धोतर परीटघडीचं. रस्त्याच्या मधोमध काठी टेकून उभे राहिले. बयाबाई त्यांच्या डाव्या हाताला.

सूर्य डोंगराआड गेला. पाणी काळं झालं, मग झाडं, मग रस्ता. पाटलांचं धोतर तेवढं बराच वेळ दिसत होतं. हळूहळू तेही धूसर झालं. उतारावरून कुणीतरी ओरडलं, "पाटील, हायसा का?" आणि हशा झाला. पाटीलही हसले. बयाबाई हसली नाही. इथंच तो उभा होता. त्यालाही आधी आवाजच आला असेल.

आवाज आला. लांबून घरघर, मग गिअर बदलल्याचा करकराट. मग वळणावर रस्त्याला घासून दोन पिवळट रेघा सरकत आल्या. तो उजेड चाकाच्या पुढं दोन हात पडत होता, बस्स. वर सगळा अंधार, आणि त्या अंधारात रिकामा ट्रक खडखडत येत होता.

पाटलांनी हात वर केला. पोलीस करतात तसा, ऐटीत. ट्रक आपल्या चालीनं येत राहिला. पाटलांनी काठी वर केली. "नथू!" त्यांनी हाक मारली. "ए नथ्या! मी हाय!" इंजिनाच्या आवाजात ती हाक कुठल्या कुठं गेली.

"अवो, सरा बाजूला!" धोंडाबाई किंचाळली.

पाटील सरले नाहीत. सरायचं नव्हतं असं नव्हे. त्यांचे पाय उचलेचनात. तोंड उघडं, काठी वर, आणि माणूस रस्त्यात रोवल्यासारखा. बयाबाईनं ते बघितलं. एक क्षण, अगदी एकच क्षण तिच्या मनात आलं की राहू दे. कळू दे त्यालाही. मग तिनं त्यांचं मनगट धरलं आणि वाड्यावरचा आडमुठा एडका ओढावा तसं सगळ्या अंगानिशी त्यांना डोंगराच्या बाजूला ओढलं. दोघंही चरात आपटली. ट्रकचा वारा तोंडावरून गेला. पाटलांचा फेटा रस्त्यात पडला होता. त्याच्यावरून पुढचं चाक गेलं आणि मागचंही गेलं.

ट्रक थांबला नाही. पुढं गेला तसाच. गाव ओरडत मागं धावलं, कुणी मागच्या फळीवर धोंडे मारले, तेव्हा कुठं ब्रेक लागले.

नथू खाली उतरला. "काय झालं? पुन्यांदा मेंढरू आलं का?"

गर्दीतून वाट काढत पाटील आले. डोकं उघडं, धोतराला चिखल. मागं बयाबाई.

"मालक? तुमी? तुमी कुटं हुतासा?"

"रस्त्यात," बयाबाई म्हणाली. "तुज्या म्होरं. लाल फेटा घालून."

नथू पाटलांकडे बघत राहिला. मग कुणीतरी रस्त्यातून उचलून आणलेल्या फेट्याच्या चिंधीकडे. तो ट्रकच्या पायरीवर बसला.

"मला न्हाई दिसलं काय," तो म्हणाला. "आईच्यान, काय बी न्हाई दिसलं." मग मान खाली घालून पुढं सांगायला लागला. "धुळाजी बी दिसला न्हवता. टरक दणकला तवा मला कळलं. तो प्यालेला हुता का न्हाई, मला काय ठावं? मी त्याला बघितलाच न्हाई. तुमी म्हनलासा, मालक, तसं सांग म्हून. मी सांगितलं."

बयाबाईला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण ओरडू, शिव्याशाप देऊ. पण तिच्या तोंडून काही निघेना. बाजी मात्र वर मेंढरांत ढसाढसा रडत होता आणि त्याला कुणाची लाज वाटत नव्हती.

पाटलांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "नथू," ते म्हणाले, "डांबर काढून टाक रं ते."

"नथू न्हाई." बयाबाईला आता वाचा फुटली. कमरेला खोचलेली, लोकर कातरायची कातर तिनं काढली आणि पाटलांपुढं धरली. "ज्यानं लावलं त्यानं काढायचं."

"बये, हितं? समद्यांच्या म्होरं?"

"लावलं तवा समद्यांच्या म्होरंच लावलं की. नारळ बी फोडला हुता."

पाटलांनी गावाकडं बघितलं. गाव त्यांच्याकडं बघत होतं. धोंडाबाई पुढं आली आणि इतक्या वेळचा अबोला मोडून एवढंच म्हणाली, "घ्या ती कातर."

पाटलांनी कातर घेतली. कुणीतरी कंदील पेटवून धरला, आणि ते दिव्यापुढं उकिडवे बसून खरवडायला लागले. डांबर वाळून कातडीसारखं चिवट झालं होतं. खपल्या निघत, नखांत भरत. एक दिवा झाला, दुसरा झाला. ते उठायला लागले.

"त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय," बयाबाई म्हणाली.

पाटील पुन्हा खाली बसले.

"लाव रं आता," ती नथूला म्हणाली.

नथूनं बटण दाबलं. उजेड रस्त्यावर पार लांब गेला. पाण्याची कड दिसली, चर दिसला, रस्त्याकडेला पडलेला धोंडा न् धोंडा दिसला. समोर डोंगराच्या उतारावर अख्ख्या कळपाचे डोळे एकदम चमकले आणि त्यांच्या मधोमध काळी घोंगडी पांघरलेला बाजी उभा होता; बोटं मोजता यावीत इतका स्पष्ट.

बयाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

"येवढाच लागत हुता," ती म्हणाली. "येवढाच उजेड लागत हुता, पाटील. माझा मानूस घरला आला असता."

कातर अजून पाटलांच्या काळ्या झालेल्या हातात होती. बयाबाईनं ती काढून घेतली, पदराला पुसली आणि कमरेला खोचली. मग तिनं बाजीला हाक मारली, "आन खाली मेंढरं! रस्त्यानं आन! मदनं चल, कडंनं न्हाई!"

मेंढरं खाली आली आणि ट्रकपुढं सगळा रस्ता भरून गेला. बयाबाई सगळ्यांत मागं, काठी खांद्यावर आडवी टाकून चालली. तिच्या मागं नथूनं गाडी पहिल्या गिअरात टाकली. वाड्याचा फाटा येईपर्यंत त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही, आणि शेजारी बसलेल्या मालकानंही त्याला वाजव म्हणून सांगितलं नाही.