'र'वरचा उंचवटा

"मग टॅब्लेट घेऊन आई करणार काय, पत्ते खेळत बसणार?" मुलगी म्हणाली, आणि मुलाने हातातला चहाचा कप माझ्या पाठीवर आपटला.

पाठीवर म्हणजे झाकणावर. जेवणाच्या टेबलावर, दोघांच्या बरोबर मधे, मी मिटून पडलो होतो. ज्याच्या जागी दुसरा आणायचा त्याच्याच अंगावर कप ठेवून बोलणी करायची, ही या घरातली रीत. मी बोलतोय तो या घरातला जुना लॅपटॉप. कारखान्यात मला कसलंसं झोकदार नाव दिलं होतं. पण आईने पहिल्या दिवशी मला उचललं, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "धोंडा आहे नुसता." तेव्हापासून मी धोंडा. दोन्ही मुलं तिला आई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. माझं मत कुणी विचारत नाही, त्यामुळे हरकतही कुणी घेत नाही.

मुलाचं म्हणणं, टॅब्लेटच घ्यायचा. मांडीवर मावतो, दोन बोटांनी अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, आणि आपण बोललो की तो आपोआप लिहितो. मुलीचं म्हणणं, हलका लॅपटॉप. हल्ली ते ताटापेक्षा हलके मिळतात, आणि काम करणाऱ्या माणसाच्या बोटांना बटणं लागतात, काच नाही. मुलगा म्हणाला, या वयात काम कशाला. मुलगी म्हणाली, दादा, हे तिला विचार. कुणीच विचारलं नाही. दोघांचं एकाच गोष्टीवर जमत होतं, ते म्हणजे धोंड्याला वेड लागलंय, तो भंगारात द्यायचा.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून, गप्प. ही बाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. तेव्हाच मला धास्ती वाटली.

माझा जन्म सांगण्यासारखा नाही. सगळ्यांसारखा पट्ट्यावरून सरकत आलो आणि एका दुकानाच्या काचेच्या कपाटात उभा राहिलो. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं आणि शेजारच्या बारीक लॅपटॉपकडे वळायचं. मग एक दिवस आई आली. विकणाऱ्या पोराने विचारलं, नातवाला घेताय का आजी? ती म्हणाली, "मला घेतेय. आणि मी तुझी आजी असते ना, तर गिऱ्हाइकासमोर नीट उभं राहायला तरी शिकवलं असतं." पोरगं सरळ उभं राहिलं. तिने सगळ्या लॅपटॉपांची बटणं दाबून पाहिली, पडद्याकडे ढुंकूनही न बघता. माझी बटणं खोल होती, दाबली की टक् वाजायची. तिने मला घेतलं.

शाळा तिची अर्ध्यात सुटलेली. टायपिंग ती कुणाकडे शिकली नाही. एका पुठ्ठ्यावर बटणं काढली, भाजी शिजेपर्यंत त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवली, आणि शिकली. मग ध्वनिमुद्रणं लिहून काढायचं काम मिळवलं. हेडफोन लावायचा, सभा, चौकश्या, मुलाखती ऐकायच्या आणि शब्दाला शब्द उतरवायचा. चारचौघं एकदम बोलले तरी कोण काय बोललं ते ती बिनचूक वेगळं काढायची.

आणि भांडायची. कानातल्या माणसांशी. "अहो अध्यक्ष, आधी तोंडातला घास गिळा." "ही बाई खोटं बोलतेय, आवाज बघा कसा गोड झाला." एकदा एक साहेब वाक्य सुरू करायचे आणि सोडून द्यायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा सोडायचे. आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, उठून पाणी प्यायली, परत आली आणि म्हणाली, "झालं का तुमचं?" मी मनातल्या मनात हसून घ्यायचो. माझा पंखा जोरात फिरायचा तो उगाच नाही.

आता मुद्द्याचं. माझ्यावर मराठी अक्षरं अशी मांडलेली आहेत की काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. बघून टायपिंग करणाऱ्याला याचं काही वाटत नाही. न बघता करणारा हात दोन खुणांवर चालतो. डाव्या हाताच्या बाजूला पहिल्या वेलांटीच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, उजवीकडे 'र'च्या बटणावर तसाच दुसरा. दोन तर्जन्या त्या दोन उंचवट्यांवर टेकल्या की बाकीची बोटं आपापल्या घरी पोचतात. आईचं उजवं बोट जड. इतकी वर्षं 'र'वर टेकून टेकून तिथला उंचवटा झिजला, आणि मग गेलाच.

त्याच सुमाराला तिची नजर जात होती.

मुलांना ती सांगायची, चष्म्याचा नंबर वाढलाय. मला मात्र डॉक्टरांचं बोलणं ऐकू आलं होतं, कारण फोन माझ्याशेजारीच पडलेला असायचा. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले, उरलेली टिकेल तेवढी टिकवू. आई म्हणाली, मग थेंब कुणाच्या समाधानासाठी घालायचे, तुमच्या? आणि फोन ठेवला.

आधी तिने माझा उजेड वाढवला. मग अक्षरं वाढवली, एवढी की एका पडद्यावर चार शब्द. मग काहीच वाढवेनाशी झाली. एका दुपारी तिचा हात लागून माझा पडदा बंद झाला. आत मी जागा होतो, वर नुसता काळोख. ती टाइप करत राहिली. चहा प्यायली, पुन्हा बसली, परिच्छेद संपला तशी वर बघून मान डोलावली. त्या दिवशी मला कळलं. मला तोंड असतं तरी मी काही बोललो नसतो.

मग ते पान झालं. एका चौकशीचं काम होतं. पाणी पिऊन ती परत बसली, डावं बोट आपल्या उंचवट्यावर बरोबर टेकलं, उजव्याला उंचवटा सापडला नाही आणि ते एक घर पुढे, 'क'वर जाऊन बसलं. काना-मात्रा जागच्या जागी, उजव्या हाताची व्यंजनं सगळी शेजारच्या घरात. अध्यक्ष म्हणाले "हरकत नाही", पानावर उमटलं "गकतच नागी". 'काल'चा 'तास' झाला. असं पान भरलं, आणि कुणाच्याही चुकीवर बोट ठेवणाऱ्या या बाईने ते तसंच पाठवून दिलं.

पलीकडून फोन आला, ही कुठली भाषा? आई म्हणाली, "आमच्या धोंड्याला वेड लागलंय." मुलांनाही तिने हेच सांगितलं. मुलगा ते पान मोठ्याने वाचून पोट धरून हसला, आणि हसतच म्हणाला की तुला नवीन घेऊन देतो.

मी आळ अंगावर घेतला. न घेऊन करतो काय? माझ्यात बिघाड नाही असं निघालं असतं तर बिघाड कुणात आहे ते शोधायला दोघं निघाली असती. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, तिने ओढून आणलेलं होतं. ते गेलं की या घरात तिला औषध घेतलंस का, एवढंच विचारणार होते. ते टळावं म्हणून ती धडपडत होती आणि मी वेडा ठरत होतो. पण टळणार नव्हतं. पुढची दोन पानंही तशीच गेली, आणि मग पलीकडून फोन येणंच बंद झालं.

आज मी कपाटाच्या माथ्यावर आहे. चार्जर कुणी लावत नाही. हेडफोन खालच्या खणात आहे, तोही गप्प. वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे, मला भंगारात द्यायचं तर द्या, फक्त उघडून दुरुस्त करू नका. दुरुस्त करण्यासारखं माझ्यात काही निघणार नाही, आणि ते तिच्या कानावर जायला नको. आणि हो, टॅब्लेट आला नाही. हलका लॅपटॉपही आला नाही. का, तेवढं सांगतो.

त्या दिवशी भांडण तापलं तसा मुलगा उठला. कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणलेला टॅब्लेट त्याने आईच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, तूच सांग, किती स्वच्छ दिसतंय. मुलगीही उठली, फोनवर लॅपटॉपचं चित्र काढून तिने दुसऱ्या बाजूने धरलं. आणि मग दोघंही एकदम बोलू लागली, या बाजूचं ऐक, त्या बाजूचं बघ. आईने चेहरा वर केला. तिचे डोळे दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेवर थांबले. माझ्या झाकणावर चहा गार होत होता.

"तुमच्यातलं कोण कुठे उभं आहे ते मी गेल्या हिवाळ्यापासून आवाजावरून ओळखते रे बाळांनो, आता आणा काय आणायचं ते."