मार्शलची बायको कशानं गेली

बायकोला, व्हर्नाला पुरून आल्यावर पुढच्याच सोमवारी डेलमार कून्ट्झ बरबँकच्या टीव्ही स्टुडिओत कामावर हजर झाला. घरी बसून करायचं तरी काय? रडू येत नव्हतं. शेजारणींनी आणून दिलेल्या ट्यूना-नूडल्सच्या भांड्यांनी फ्रिज गच्च भरला होता आणि सगळ्यांची चव एकच लागत होती.

लेखकांच्या खोलीत त्याचा जोडीदार रॉस्को टिम्स पाय टेबलावर टाकून बसला होता. सांत्वन कसं करतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं कामाचंच काढलं.

"आलास? बरं झालं. आपला मार्शल परवाच्या भागात म्हणून बसला की, मी मेक्सिकोच्या लढाईत होतो. मी हिशेब केला, राजा. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता."

"ढोल वाजवत असेल."

"खांद्यात गोळी आहे त्याच्या!"

"ढोल वाजवताना लागली असेल," डेलमार म्हणाला आणि टाइपरायटरवरचं झाकण काढलं.

दर शनिवारी टीव्हीवर लागणाऱ्या, काउबॉयच्या काळातला फौजदार मार्शल ब्रॅडॉक हेल याच्या मालिकेचं इतिहासाशी फारसं सोयरसुतक नव्हतं. गोष्ट १८६८ची, पण मार्शलच्या कमरेला पाच वर्षांनंतर निघालेलं पिस्तूल होतं. कुंपणं काटेरी तारेची, आणि ती तार तर अजून बाजारातच आली नव्हती. नायिकेच्या पाठीवरची चेन कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून ती बिचारी खेकड्यासारखी आडवी चालायची. रिवाज मात्र एक कडक होता: मार्शलच्या प्रेमात पडलेली बाई शेवटच्या जाहिरातीआधी मरायची. पुढच्या शनिवारी मार्शल मोकळा हवा.

थोड्या वेळानं निर्माता हाय ग्लासमन आत आला. डेलमारच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, अशा विचारात तो हात हवेत राहिला आणि शेवटी सिगारेटकडे गेला.

"लोकांना मार्शलचा भूतकाळ पाहिजे म्हणे. गेलेली बायको दे त्याला. रॉस्कोनं लिहिलं तरी चालेल हं, म्हणजे तुला जर..."

"मी लिहितो," डेलमार म्हणाला.

त्याला ते हवंच होतं. दफनाला आलेला जो तो 'सुटली बिचारी' म्हणून गेला होता. कशातून सुटली, हे पाहिलं होतं एकट्या डेलमारनं. पोटाचा कॅन्सर, अख्खं वर्ष. व्हर्नाचं ते वर्ष दुसऱ्या कुणीतरी बघावं, निदान शनिवारी संध्याकाळी जेवता जेवता. एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्या इच्छेबद्दलही त्याला विशेष काही वाटत नव्हतं.

त्यानं लिहिलं. मार्शलची बायको खाटेवर पडून आहे. पडूनच आहे. एका सकाळी ती जाते. मार्शल रडत नाही. डब्यातले पीच उघडतो आणि उभ्याउभ्या खातो.

हायनं पानं वाचली, परत वाचली.

"डेलमार, बाबा, हे नाही चालायचं."

"का?"

"एक तर आपले जाहिरातदार पोटाच्या गोळ्या विकतात. पोटानं माणूस मरतो, हे त्यांच्याच पैशानं दाखवायचं?" मग घसा खाकरून तो म्हणाला, "शिवाय त्या काळी कॅन्सर नव्हता रे. इतिहासाला धरून नको का?"

रॉस्कोनं पाय टेबलावरून खाली घेतले. मालिकेच्या तीन वर्षांत 'इतिहास' हा शब्द या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

"होता," डेलमार म्हणाला.

"असेल. पण बघणाऱ्याला पटलं पाहिजे ना! गोळी घाल तिला. गोळी सगळ्यांना पटते."

रॉस्को भडकला. "हाय, लाज वाटते का रे? याची बायको आत्ता..."

"राहू दे," डेलमार म्हणाला. भांडायला अंगात काहीतरी लागतं. त्यानं आत चाचपून पाहिलं, तिथं काही नव्हतं.

तो टाइप करायला बसला. अंगणात बाई कपडे वाळत घालते आहे. टेकडीवरून बंदूक उडते. बाई पडते. सगळं मिळून तीन ओळी. त्या ओळींकडे तो बराच वेळ बघत राहिला. वर्षभराचं काम तीन ओळींत, आणि कुणाला चादर बदलावी लागली नव्हती.

"हे झकास!" हाय म्हणाला. "फक्त मरताना तिला दोन वाक्यं दे. 'ब्रॅडॉक, तू पुन्हा लग्न कर,' असं काहीतरी. आपल्या मार्शलच्या गावात न बोलता आजवर कुणी मेलेलं नाही."

"नाही."

"अरे, दोनच!"

"नाही, हाय. गोळी लागली की ती गेली. जमिनीवर पडायच्या आधीच. तिला काही कळत नाही, काही दुखत नाही. बाकी काय वाटेल ते बदल, मार्शलला चिनी कर. याला हात लावायचा नाही."

डेलमारचा आवाज चढला नव्हता. सिगारेट विझेपर्यंत हायनं छताकडे बघत विचार केला.

"न बोलणारी असेल तर नटी स्वस्तात मिळेल म्हणा," तो शेवटी म्हणाला. "ठीक आहे."

डेलमारनं मान हलवली आणि कोरा कागद यंत्रावर चढवला. मार्शलला घोड्यावर बसवायचं अजून बाकी होतं.